वाचक विचारतात : रिसीव्हरसाठी छोटा लूप

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावरची आहेत: फक्त ऐकण्यासाठी वापरायचा छोटा लूप अँटेना आणि त्याच्या मागचा अ‍ॅम्प्लिफायर. ताडून पाहायला सोपं जावं म्हणून सगळी आकडेमोड एकाच लूपवर केली आहे. एक मीटर व्यासाचं एकच वेटोळं, एसी बसवणारे वापरतात तो तीन सुती (३/८ इंची) तांब्याचा पाइप, क्षेत्रफळ ०.७८५ चौरस मीटर, इंडक्टन्स ३ मायक्रोहेन्री. वेगळा लूप घेतला आहे तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न : मी असाच एक मीटरचा लूप केला. नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) लावून पाहिलं तर एसडब्ल्यूआर (मॅचिंग किती बिघडलं ते सांगणारा आकडा) सगळ्या बँडवर आकड्याबाहेर जातो. ५० ओहमला मॅच करण्यासाठी कोणता ट्रान्सफॉर्मर घालू? — एक वाचक, नाशिक

कोणताच नको. तुमच्या लूपमध्ये काही बिघाडही नाही.

७.१ मेगाहर्ट्झवर या लूपचा रेडिएशन रेझिस्टन्स (लहरींच्या रूपाने बाहेर पडणाऱ्या ऊर्जेचा हिशेबी रोध) आहे सुमारे ६ मिलिओहम. तांब्याच्या पृष्ठभागावरून वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा रोध सुमारे ७० मिलिओहम. आणि या दोघांच्या डोक्यावर बसलेला, इंडक्टन्समुळे बदलत्या प्रवाहाला होणारा अडथळा, म्हणजेच रिअ‍ॅक्टन्स १३० ओहमच्या वर. म्हणजे नॅनोव्हीएनएला दिसतं ते जवळजवळ शुद्ध इंडक्टर. ट्रान्सफॉर्मर रोधाचं गुणोत्तर बदलतो, रिअ‍ॅक्टन्स घालवत नाही. त्यामुळे १:४, १:९, १:१६ काहीही लावा, आलेख स्मिथ चार्टच्या (मॅचिंग दाखवणाऱ्या वर्तुळाकार आलेखपत्राच्या) कडेलाच फिरत राहील.

खरं मॅचिंग करायचंच, तर कपॅसिटर लावून रिअ‍ॅक्टन्स रद्द करावा लागेल. ते जमतं, पण मग क्यू (अनुनादाची धार दाखवणारा आकडा) हिशेबाने १७०० च्या घरात जातो आणि बँडविड्थ उरते साधारण ४ किलोहर्ट्झ. मॅच केलेला भार जोडला की क्यू निम्मा, बँडविड्थ ८ किलोहर्ट्झ. दर वेळी डायल हलवला की लूपही ट्यून करा. प्रक्षेपणासाठी हे करावंच लागतं, कारण तिथे प्रत्येक वॉट मोलाचा. ऐकताना गणित वेगळं असतं.

ऐकताना विचारायचा प्रश्न एकच: हवेतून येणारा गोंगाट अ‍ॅम्प्लिफायरच्या स्वतःच्या गोंगाटापेक्षा वर आहे का? वर असेल तर मॅचिंग सुधारून सिग्नल आणि गोंगाट दोन्ही सारखेच वाढतात, हाती काही लागत नाही. आता आकडे बघा. लूपमध्ये निर्माण होणारं व्होल्टेज म्हणजे २π गुणिले वेढे गुणिले क्षेत्रफळ गुणिले फील्ड, भागिले तरंगलांबी. ७ मेगाहर्ट्झवर आपल्या लूपची परिणामकारक उंची (हे व्होल्टेज भागिले फील्ड) येते ११.५ सेंटिमीटर. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी.३७२ या शिफारशीत निवासी भागातल्या मानवनिर्मित गोंगाटाची सूत्रं आहेत, त्यांनुसार २.७ किलोहर्ट्झ बँडविड्थमध्ये तिथला गोंगाट सुमारे १.७ मायक्रोव्होल्ट प्रति मीटर. लूपमध्ये त्याचे झाले २०० नॅनोव्होल्ट. नीट बांधलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा गोंगाट लूपच्या टोकांशी मोजला तर तेवढ्याच बँडविड्थमध्ये ५० नॅनोव्होल्टच्या आसपास. चौपट अंतर, म्हणजे १२ डेसिबल. इथे मॅचिंगला मिळवण्यासारखं काही उरलेलंच नाही.

खाली उतरलात की मात्र सावध. १ मेगाहर्ट्झवर परिणामकारक उंची फक्त १६ मिलिमीटर. निवासी भागातला गोंगाट लूपमध्ये ६० नॅनोव्होल्ट देतो, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या जेमतेम वर. गावाबाहेर शेतात, दिवसा, विजेच्या तारांपासून लांब असाल तर अ‍ॅम्प्लिफायरचाच गोंगाट ऐकू येईल. शांत जागी मोठा लूप लागतो तो यासाठी. शहरात एक मीटर पुरतो.

प्रश्न : मग बिनमॅचिंगचा लूप इतक्या रुंद पट्ट्यात सारखा कसा चालतो? आणि सिग्नल वाढावा म्हणून एकाऐवजी तीन वेढे दिले तर उलट सिग्नल कमी झाला, तो का? — एक वाचक, चिपळूण

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली की लूपमधलं व्होल्टेज दुप्पट होतं. पण लूपचा रिअ‍ॅक्टन्सही दुप्पट होतो. त्यामुळे लूपची दोन टोकं शॉर्ट केली, तर वाहणारा प्रवाह फ्रिक्वेन्सीवर अवलंबूनच राहत नाही. आपल्या लूपसाठी तो १ मिलिव्होल्ट प्रति मीटर फील्डला ०.८७ मायक्रोअँपिअर, मग स्टेशन ६०० किलोहर्ट्झवर असो की १२ मेगाहर्ट्झवर. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर व्होल्टेज पाहणारा नको, प्रवाह घेणारा हवा आणि त्याचा इनपुट रोध जमेल तितका शॉर्टच्या जवळचा हवा.

तो रोध किती कमी, यावर खालची मर्यादा ठरते: रोध भागिले २π गुणिले इंडक्टन्स. ३ ओहमचा इनपुट असेल तर १६० किलोहर्ट्झ. हाच लूप थेट रिसीव्हरच्या ५० ओहमला जोडला तर २.६५ मेगाहर्ट्झ, आणि त्याखाली दर सप्तकाला, म्हणजे फ्रिक्वेन्सी निम्मी होईल तसतसा, ६ डेसिबलने उतार. लूप नुसता रिसीव्हरला जोडल्यावर ४१ मीटर बँड बरा येतो आणि मध्यम लहरी मरतात, ते यामुळे.

आता वेढ्यांचं. तीन वेढ्यांत व्होल्टेज तिप्पट झालं, पण जवळजवळ असलेल्या वेढ्यांचा इंडक्टन्स वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे नऊपट. प्रवाह उरला एक तृतीयांश. ९.५ डेसिबलचा तोटा तुम्ही स्वतःच्या हाताने करून घेतलात. प्रवाह घेणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी क्षेत्रफळ भागिले इंडक्टन्स हा एकच आकडा लक्षात ठेवा आणि तो वाढवा. जाड वाहक घेतला की इंडक्टन्स उतरतो: अडीच मिलिमीटर जाडीच्या तारेचा असाच लूप ३.८ मायक्रोहेन्रीचा होतो, म्हणजे पाइपपेक्षा २ डेसिबल मागे. व्यास दोन मीटर केलात तर क्षेत्रफळ चौपट, इंडक्टन्स ६.८ मायक्रोहेन्री, निव्वळ फायदा सुमारे ५ डेसिबल. तीन वेढ्यांचा पाइप वाया जाऊ द्यायचा नसेल, तर तिन्ही वेटोळी वीस-तीस सेंटिमीटर अंतराने ठेवून समांतर जोडा. परस्पर इंडक्टन्समुळे तिप्पट फायदा होणार नाही, पण फायदा होईल.

ट्यून केलेल्या लूपला हा नियम लागू नाही. तिथे वेढे हवेतच. सांगलीच्या वाचकांना दिलेलं उत्तर पाहा.

प्रश्न : १२ व्होल्टवर चालणारा, सहज मिळणाऱ्या भागांचा अ‍ॅम्प्लिफायर द्यावा. — एक वाचक, सोलापूर

सममित कॉमन बेस जोडी (सिग्नल एमिटरला देऊन कलेक्टरवरून घेणारे दोन सारखे ट्रान्झिस्टर) हा सर्वांत सरळ मार्ग. दोन पीएन२२२२ए ट्रान्झिस्टर घ्या. एकाच पट्टीतले दहा घेऊन मल्टिमीटरवर एचएफई (ट्रान्झिस्टर प्रवाह किती पट वाढवतो तो आकडा) मोजा आणि जवळचे दोन निवडा. पुढे मालाडच्या प्रश्नात याचं महत्त्व कळेल.

दोन्ही बेस एकत्र जोडा. बेसला ९ व्होल्टपासून २.२ किलोओहम आणि जमिनीकडे १.२ किलोओहम. बेसपासून जमिनीला १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक आणि त्याला समांतर १० मायक्रोफॅरड. सिरॅमिकचे पाय पाच मिलिमीटरपेक्षा लांब नकोत. प्रत्येक एमिटरला १२० ओहम आणि त्याच्या सिरीजमध्ये १०० मायक्रोहेन्रीचा चोक, मग जमीन. प्रत्येकी १९ मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह वाहील. १२० ओहमवर २.२ ते २.३ व्होल्ट दिसले की समजा बायस बरोबर आहे. लूपचं एकेक टोक ४.७ मायक्रोफॅरडच्या सिरॅमिकमधून एकेका एमिटरला. हे कपॅसिटर गाळू नका. लूपने दोन्ही एमिटर डीसीला शॉर्ट झाले, तर ज्या ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर व्होल्टेज थोडं कमी तो जास्त प्रवाह ओढतो आणि सममिती गेली.

१९ मिलिअँपिअरला एका एमिटरचा रोध १.३ ओहम. दोन्ही मिळून आणि बेसचा वाटा धरून सुमारे ३ ओहम. वर सांगितलेले ३ ओहम ते हेच. प्रवाह कमी करून बॅटरी वाचवायला गेलात, ५ मिलिअँपिअरवर आणलात, तर इनपुट १० ओहमच्या वर जातो आणि खालची मर्यादा साडेपाचशे किलोहर्ट्झला येते. शिवाय जोरदार स्टेशनपुढे अ‍ॅम्प्लिफायर लवकर गुदमरतो.

कलेक्टरच्या बाजूला एफटी५०-४३ कोअर, म्हणजे फेराइटची छोटी रिंग. दोन तारा एकत्र पिळून १६ वेढे द्या. एकीची सुरुवात दुसरीच्या शेवटाला जोडली की तो मधला टॅप, त्याला ९ व्होल्ट. उरलेली दोन टोकं कलेक्टरना, प्रत्येकी २२ ओहम सिरीजमध्ये. सेकंडरी ८ वेढे, ती केबलकडे. लूपमधला १ मायक्रोअँपिअर ५० ओहमवर २०० मायक्रोव्होल्ट देतो. यात सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे मधला टॅप करताना दोन्ही सुरुवाती एकत्र जोडणं. मग दोन्ही अर्ध्यांची चुंबकत्वं एकमेकांना मारतात, बायसचे सगळे आकडे बरोबर दिसतात आणि आउटपुटला काही येत नाही.

९ व्होल्टसाठी ७८एल०९, त्याच्या दोन्ही अंगांना १०० नॅनोफॅरड. सर्किट एकूण ४० मिलिअँपिअरच्या आसपास घेतं, तेव्हा वीज केबलमधूनच वर पाठवता येते. खालच्या टोकाला १२ व्होल्ट ४७० मायक्रोहेन्रीच्या चोकमधून केबलच्या मधल्या तारेत सोडा आणि रिसीव्हरकडे १०० नॅनोफॅरडमधून जा. वरच्या टोकाला तीच जोडी उलटी. १२ व्होल्ट ट्रान्सफॉर्मरवाल्या साध्या सप्लायचे घ्या किंवा बॅटरीचे. मोबाइल चार्जरसारखा स्विचिंग अ‍ॅडॅप्टर लावलात, तर अँटेनाने टाळलेला सगळा गोंगाट तुम्ही तारेतून वर पाठवता.

बिघाड कुठे होतो? कॉमन बेस सर्किट व्हीएचएफवर स्वतःच दोलन करू लागतं. लक्षणं अशी: हात जवळ नेला की १२० ओहमवरचं व्होल्टेज हलतं, शेजारच्या एफएम रेडिओत एखाद्या ठिकाणी आवाज दबतो, शॉर्टवेव्हवर भलत्याच ठिकाणी गोंगाटाचे उंचवटे दिसतात. कलेक्टरमधले २२ ओहम त्यासाठीच आहेत. तरीही थांबलं नाही तर कलेक्टरच्या पायात फेराइटचा मणी ओवा आणि बेसचा सिरॅमिक अजून जवळ आणा. बेसमध्ये रोध घालू नका, त्याने गोंगाट वाढतो.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. एक मीटर व्यासाच्या लूपचा परीघ ३.१४ मीटर. ९५ मेगाहर्ट्झची तरंगलांबीही तेवढीच. म्हणजे हा लूप एफएम बँडच्या मध्याजवळ पूर्ण तरंगाचा अँटेना बनतो आणि शहरात एफएमचे जोरदार सिग्नल थेट एमिटरवर आणून टाकतो. शॉर्टवेव्हवर गाण्यांचे तुटक तुकडे ऐकू आले तर शंका इथे घ्या. दोन्ही टोकांत ०.१ मायक्रोहेन्रीची छोटी कॉइल सिरीजमध्ये घाला. ९५ मेगाहर्ट्झवर ती ६० ओहम दाखवते. खालच्या बँडांवर तोटा फक्त अर्धा-पाऊण डेसिबल.

भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत मिळतात. कोअर घेताना मटेरियल ४३ असल्याची खात्री करा. रंगावरून फेराइट ओळखता येत नाही, आणि पिवळा किंवा लाल लोहचूर्णाचा कोअर इथे चालणार नाही.

प्रश्न : लूप गॅलरीत आणि अ‍ॅम्प्लिफायर खोलीत टेबलावर ठेवला आहे, मध्ये दहा मीटर कोअ‍ॅक्स. सिग्नल कमजोर आहेत आणि लिफ्ट, एलईडी दिवे यांची भुणभुण खूप. लूप चुंबकीय असतो, त्याला गोंगाट कमी लागतो ना? — एक वाचक, ठाणे

अ‍ॅम्प्लिफायर उचला आणि लूपच्या टोकांशी नेऊन बसवा. ५० ओहमच्या कोअ‍ॅक्सला मीटरमागे ०.२५ मायक्रोहेन्री इंडक्टन्स असतो. दहा मीटरचे झाले २.५ मायक्रोहेन्री, आणि ते तुमच्या ३ मायक्रोहेन्रीच्या लूपमध्ये सरळ मिळवले जातात. प्रवाह निम्म्यावर आला, ५ डेसिबलहून अधिक गेले. वर केबलच्या कपॅसिटन्समुळे वरच्या बँडांवर अनुनाद येतात ते वेगळंच. अ‍ॅम्प्लिफायर लूपपाशी असला की त्याच्या पुढे केबल कितीही लांब असू द्या. डिशवाल्यांची ७५ ओहमची आरजी-६ सुद्धा चालते. ऐकण्यासाठी त्या फरकाने काही बिघडत नाही.

भुणभुणीचं कारण बहुधा लूप नाहीच, केबल आहे. कोअ‍ॅक्सच्या बाहेरच्या जाळीवरून घरातला गोंगाट वर चढतो, अ‍ॅम्प्लिफायरच्या जमिनीत शिरतो आणि थोडीशी असममिती मिळाली की सिग्नल बनतो. त्या वेळी तुमचा अँटेना म्हणजे लूप नसून दहा मीटरची तार असते.

हे तपासायची खात्रीची रीत आहे. लूप सोडवा. टी५०-२ या लाल कोअरवर २५ वेढे द्या, साधारण ३ मायक्रोहेन्री होतात. ती कॉइल लूपच्या जागी लावा आणि ऐका. स्टेशनं आणि भुणभुण दोन्ही गायब व्हायला हवीत. तरीही जे ऐकू येतंय ते केबलमार्गे येतंय. उपाय: अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यापाशी मिक्स ३१ जातीच्या फेराइटच्या मोठ्या रिंगवर केबलचे दहा-बारा वेढे, आणि केबल घरात शिरते तिथे अजून एक तसाच चोक. जुन्या मॉनिटरच्या केबलवरचे फेराइट एकेक ओवून मध्यम लहरींवर काही होत नाही. वेढे हवेत, कारण इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाने वाढतो.

राहिलं 'चुंबकीय' असण्याचं. दूरच्या स्टेशनच्या लहरीत विद्युत आणि चुंबकीय भाग ठरलेल्या प्रमाणातच असतात, तिथे लूप काही वेगळं निवडत नाही. घरातला गोंगाट जवळून येतो आणि त्यात बहुधा विद्युत भाग जास्त असतो, म्हणून सममित लूपला तो कमी लागतो. पण जवळून चुंबकीय गोंगाट करणारी यंत्रंही घरात असतात. त्यांच्यावर अंतर हाच उपाय: गॅलरीच्या दारापासून कठड्यापर्यंतचा दीड मीटर लूपच्या उंचीपेक्षा जास्त कामाचा. आणि लूप फिरवताना स्टेशनकडे रोख धरायची गरज नसते. लूपच्या पातळीला लंब दिशेला त्याचा शून्य असतो. तो शून्य गोंगाटाकडे करा. स्टेशनचा थोडा सिग्नल गेला तरी चालेल.

प्रश्न : मला फक्त मध्यम लहरी ऐकायच्या आहेत. चौकोनी चौकटीवरचा जुन्या पद्धतीचा लूप आणि गँग (जुन्या रेडिओतला फिरवायचा कपॅसिटर) वापरला तर किती वेढे? माझ्या आताच्या लूपवर पुणे आकाशवाणी ७९२ किलोहर्ट्झला छान येते, पण आवाज गढूळ वाटतो. — एक वाचक, सांगली

मध्यम लहरींसाठी हा लूप आजही उत्तम आहे, आणि शांत जागी एका वेढ्याच्या रुंद लूपपेक्षा सरसच. ६० सेंटिमीटर बाजूची लाकडी चौकट, ११ वेढे, दोन वेढ्यांत ६ मिलिमीटर अंतर. साडेसव्वीस मीटर तार लागेल, गँगकडे जायला थोडी जास्त घ्या. इंडक्टन्स येतो १६८ मायक्रोहेन्री. ५३१ किलोहर्ट्झला एकूण ५३५ पिकोफॅरड लागतात आणि १६०२ ला फक्त ५९. या ५९ मध्ये वेढ्यांमधला कपॅसिटन्सच तीसएक पिकोफॅरड खातो, म्हणून अंतर सोडायचं. वेढे चिकटवून दिलेत किंवा बारावा वेढा घातलात, तर ५०० पिकोफॅरडचा गँग पूर्ण उघडूनही लूप १६०० पर्यंत पोचणार नाही.

गढूळपणा क्यूमुळे आहे. ७९२ ला क्यू १५० धरला तर बँडविड्थ ५.३ किलोहर्ट्झ. स्टेशन मात्र मधल्या वाहकाच्या दोन्ही अंगांना साडेचार-साडेचार किलोहर्ट्झ पसरलेलं असतं. 'स', 'श' ही अक्षरं कापली जातात. गँगला समांतर १०० किलोओहमचा रोध लावा. क्यू ६६ वर येतो, बँडविड्थ १२ किलोहर्ट्झ. सिग्नल ७ डेसिबलने उतरेल, पण हवेतला गोंगाटही तेवढाच उतरतो, आणि पुण्यासारख्या जवळच्या केंद्रासाठी त्याचा काही फरक पडत नाही. लांबचं स्टेशन पकडताना रोध काढता यावा म्हणून छोटा स्विच ठेवा.

रिसीव्हरला जोडताना गँगवर थेट ५० ओहम कधीही लावू नका. अनुनादाला गँगच्या टोकांवर सव्वाशे किलोओहमचा रोध दिसतो. ५० ओहमने तो लूप लूपच राहत नाही. चौकटीच्या आत २० सेंटिमीटर बाजूचा एकच वेढा वेगळा बसवा आणि तो केबलला जोडा. सिग्नल कमी वाटला तर तो वेढा मोठा करत जा; स्टेशन बदलताना गँगची धार बोथट झाली की समजा जास्त झाला. खिशातल्या ट्रान्झिस्टर रेडिओला तर तारच नको. तो चौकटीजवळ असा ठेवा की आतली फेराइटची कांडी चौकटीच्या पातळीला लंब येईल.

बीएफडब्ल्यू१० सारखा एफईटी (जवळजवळ प्रवाह न ओढणारा ट्रान्झिस्टर) गँगच्या एका टोकाला लावून दुसरं टोक जमिनीला जोडायचा मोह होतो. चालतं, पण लूप असममित होतो आणि शून्य भरून येतो. एफईटी लावायचाच तर दोन लावा, दोन्ही टोकांना एकेक.

प्रश्न : शिल्डेड लूप म्हणजे कोअ‍ॅक्सच्या जाळीत झाकलेला लूप. त्याने विद्युत गोंगाट अडतो असं वाचलं. करावा का? — एक वाचिका, पुणे

जाळी काही अडवत नाही. रेडिओ फ्रिक्वेन्सीवर प्रवाह जाळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून वाहतो, म्हणजे बाहेरची जाळी हाच खरा लूप. वरच्या बाजूला ठेवलेल्या फटीत व्होल्टेज तयार होतं आणि आतली तार ते खाली आणते. या बांधणीचा खरा फायदा सममितीचा: फट बरोबर मधोमध असली की दोन्ही बाजू आपोआप सारख्या होतात. ती सममिती दोन ट्रान्झिस्टरच्या जोडीने आणि चोकने मिळत असेल तर शिल्ड नको. शिवाय आतल्या तारेचा आणि जाळीचा कपॅसिटन्स वरच्या बँडांवर त्रास देतो.

लूप सममित आहे का ते दिवसा, मध्यम लहरींवरच्या पन्नास-साठ किलोमीटर अंतरावरच्या स्टेशनवर पाहा. पूर्ण फेरीत दोन शून्य मिळावेत, बरोबर १८० अंशांवर, आणि दोन्ही सारखे खोल. एकच मिळाला किंवा दोन्ही एका बाजूला सरकले तर केबल अँटेनाचं काम करते आहे. ही परीक्षा शॉर्टवेव्हवर किंवा रात्री घेऊ नका. आकाशातून परतणारी लहर वरच्या कोनांतून आणि बदलत्या ध्रुवणाने येते, तिथे चांगल्या लूपचाही शून्य पुसट असतो.

प्रश्न : १६०२ किलोहर्ट्झवर दोन कार्यक्रम एकमेकांत मिसळून ऐकू येतात. लूप सोडून साधी तार लावली तर येत नाहीत. — एक वाचक, मालाड

५५८ आणि १०४४ ची बेरीज करा: १६०२. दोन्ही आकाशवाणी मुंबईच्या फ्रिक्वेन्सी. जोरदार सिग्नल कुठेतरी एकमेकांत मिसळत आहेत; लूप-अ‍ॅम्प्लिफायरमध्ये की रिसीव्हरमध्ये, तेवढं शोधायचं. अ‍ॅम्प्लिफायर आणि रिसीव्हरच्या मध्ये ६ डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर घाला: दोन्ही टोकांना जमिनीकडे १५० ओहम, मध्ये ३९ ओहम. १६०२ चा सिग्नल १२ डेसिबलने पडला तर मिश्रण रिसीव्हरमध्ये होतंय. फक्त ६ ने पडला तर ते अ‍ॅम्प्लिफायरमध्येच तयार होऊन येतंय.

रिसीव्हरचा दोष निघाला आणि तुम्हाला शॉर्टवेव्हच ऐकायची असेल, तर १८०० पिकोफॅरड सिरीजमध्ये, मधून जमिनीला २.२ मायक्रोहेन्री, पुन्हा १८०० पिकोफॅरड असा फिल्टर घाला. १०४४ वर १४ डेसिबल आणि ५५८ वर ३० डेसिबल उतरतात. दोष अ‍ॅम्प्लिफायरचा असेल तर आधी लूप निम्म्या व्यासाचा करा. तुमच्या भागात सिग्नलची कमतरता नाही. मग जोडीची सममिती पाहा: बेरजेचं मिश्रण दोन ट्रान्झिस्टर सारखे असतील आणि ट्रान्सफॉर्मरचे दोन अर्धे सारखे असतील तर आउटपुटमध्ये परस्पर रद्द होतं. न निवडता घातलेल्या ट्रान्झिस्टरांत हे रद्द होणं अर्धवट राहतं.

प्रश्न : पावसाळ्यात लूप बाहेर ठेवावा का? — एक वाचक, मालवण

ठेवा. या प्रकारच्या लूपला जोडाच्या थोड्या रोधाने फरक पडत नाही. ३ ओहमच्या इनपुटपुढे ०.१ ओहम काहीच नाही. तांब्याला हिरवट थर आला तरी चालेल. अ‍ॅल्युमिनियमचा पाइप आणि तांब्याची तार थेट जोडू नका. खाऱ्या हवेत तो जोड महिन्यांत पोखरला जातो. मध्ये स्टेनलेसचा वॉशर घाला आणि वरून ग्रीस लावा. अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्याला तळाशी तीन मिलिमीटरचं भोक ठेवा. पूर्ण बंद खोक्यात रात्री दव जमतं आणि बाहेर पडत नाही. केबल खोक्यात खालून शिरू द्या आणि आधी तिचा एक झोल सोडा.

वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, विजेचा खडखडाट मध्यम लहरींवर सगळं झाकून टाकतो. त्याला कोणताही लूप इलाज करू शकत नाही. लूपच्या दोन्ही टोकांपासून जमिनीला दोन्ही दिशांनी १एन४१४८ डायोड लावले तर लांबच्या विजेचे झटके सोसले जातात. एमिटरवर २.३ व्होल्ट डीसी असतात, म्हणून डायोड कपॅसिटरच्या लूपकडच्या बाजूला लावायचे, आणि जोरदार सिग्नलने ते वाहू नयेत म्हणून प्रत्येक दिशेला दोन-दोन सिरीजमध्ये. ढग जवळ गडगडू लागले की केबल रिसीव्हरपासून काढून घराबाहेर ठेवा.